पुन्हा अर्ज भरण्याआधी

चि. सायली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तुझी अमेरिकेतली एफएनपीची (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः पेशंट तपासून उपचार ठरवणारी नर्स) परीक्षा पुन्हा राहिली, आणि तू लगेच पुढची तारीख घ्यायला निघाली आहेस. तारीख आत्ता घेऊ नकोस. आधी काही कामं करायची आहेत. ती झाली की तारीख कधीची घ्यायची हे तुझं तुलाच कळेल. वाईट वाटणं साहजिक आहे. दोन दिवस काही उघडू नकोस, झोप काढ, मग हे पत्र परत वाच.

पहिल्यांदा नियम, कारण घाईत तिथेच गडबड होते. एएएनपीसीबी या अमेरिकन बोर्डाच्या एफएनपी परीक्षेत नापास झाल्यावर परत बसायचं तर कच्च्या विषयांत 15 तासांचं कंटिन्युइंग एज्युकेशन (नर्सेससाठीचं पुढचं व्यावसायिक शिक्षण) करावं लागतं, आणि ते नापास झाल्याच्या तारखेनंतरचं असावं लागतं. आधी केलेल्या रिव्ह्यू कोर्सचं सर्टिफिकेट जोडून भागत नाही. शिवाय एका कॅलेंडर वर्षात दोनदाच बसता येतं. म्हणजे घाईने घालवलेली एक संधी तुला थेट पुढच्या जानेवारीपर्यंत थांबवू शकते. हे 15 तास पुष्कळ जणी ड्यूटीवरून आल्यावर व्हिडिओ चालू ठेवून, एकीकडे भाजी चिरत उरकतात. सर्टिफिकेट मिळतं, डोक्यात काही राहत नाही. तुझ्या निकालपत्रावर विभागवार कमी-जास्त दिलेलं असतं, ते समोर ठेवून हे तास निवडायचे. ज्या विषयाचा कंटाळा येतो त्यातलेच बहुधा घ्यावे लागतील.

आता त्या आकड्याबद्दल. मार्क 200 ते 800 या मोजपट्टीवर येतात आणि पास व्हायला 500 लागतात. हे टक्के नव्हेत, बरोबर आलेल्या प्रश्नांची संख्याही नव्हे. 480 आले म्हणजे वीस प्रश्न कमी पडले असा हिशोब करत बसू नकोस. या आकड्यावरून तू पासाच्या जवळ होतीस की लांब एवढंच समजतं. का राहिलीस हे त्यातून समजत नाही, आणि तू नर्स म्हणून कशी आहेस हे तर अजिबातच नाही.

मैत्रिणी सांगतील, ही परीक्षा सोडून एएनसीसीची दे, म्हणजे याच पदासाठीची दुसऱ्या संस्थेची. त्याचाही विचार शांतपणे कर. तिथे पासासाठी 500 पैकी 350 लागतात, नापास झाल्यावर 60 दिवस थांबावं लागतं आणि कुठल्याही 12 महिन्यांत तीनदाच बसता येतं. एएएनपीसीबीची परीक्षा जवळपास सगळी क्लिनिकल असते. एएनसीसीत त्याच्या जोडीला संशोधन, धोरण, नीती, व्यावसायिक जबाबदाऱ्या असं बरंच विचारतात, आणि एकाहून जास्त उत्तरं निवडायचे किंवा ओढून जागेवर ठेवायचे प्रश्नही असतात. तुझं क्लिनिकल कच्चं असेल तर तिथेही तेच आडवं येणार, वर नवीन अभ्यास वाढणार. कॅलेंडर वर्षातल्या दोन्ही संधी संपल्या असतील आणि नोकरी खोळंबली असेल, तेव्हाच मी परीक्षा बदलायला सांगेन. केवळ तिथं सोपं जातं असं ऐकलं म्हणून नाही.

खरं काम इथून पुढे आहे. आजवर नापास झाल्यावर तू दरवेळी तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलंस, फक्त जास्त तास. पेशंट तपासला नाही आणि औषधाचा डोस तेवढा वाढवला, असं झालं ते. चुका कुठल्या जातीच्या आहेत हे आधी शोध. एक साधी वही घे. तू कधीही न सोडवलेल्या प्रश्नसंचातले 150 प्रश्न एका बैठकीत, घड्याळ लावून सोडव. मग प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एकच अक्षर लिही. माहितीच नव्हती तर 'म'. प्रश्न नीट वाचला नाही तर 'व'. बरोबर उत्तर बदलून चुकीचं केलं तर 'ब'. वेळ संपत आला म्हणून अंदाजे ठोकलं तर 'घ'. बरोबर आलेले पण अंदाजाने आलेले प्रश्नही 'म'मध्ये टाक, कारण परीक्षेत तो अंदाज पुन्हा लागेलच असं नाही. स्वतःशी खोटं बोलू नकोस. "हे येत होतं गं मला" असं वाटलेले अर्धे प्रश्न खरं तर 'म'चेच असतात.

वॉर्डात वर्षानुवर्षं उत्तम काम केलेल्या मुलींच्या वहीत 'व' फार निघतात. त्याचं कारण अनुभवातच आहे. आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून हाताला सवय लागते ती बदल टिपायची, नोंद करायची आणि डॉक्टरांना कळवायची. या परीक्षेत कळवायला दुसरं कोणी नसतं, प्रोव्हायडर तूच असतेस. 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय अशा प्रश्नात जवळजवळ नेहमी चुकीचा. दुसरी सवय पुण्याच्या शिक्षणातून आलेली: भारतात ऐकलेलं अमेरिकेतही लावायचं. एक प्रश्न घेऊन दाखवते.

34 वर्षांची बाई, दोन वर्षांपूर्वी भारतातून आलेली, लहानपणी बीसीजी (टीबीची लस) घेतलेलं, तक्रार काही नाही. ट्यूबरक्युलिन टेस्ट (टीबीसाठी कातडीत सुई देऊन करतात ती) 48 तासांनी बघितली तर 12 मिलिमीटर कडकपणा. पुढे काय? तुझा हात पटकन 'बीसीजीमुळे आलेली प्रतिक्रिया, काही करू नका' याकडे जाईल, कारण आपल्याकडे असंच ऐकत मोठं होतो. अमेरिकन नियमात ही टेस्ट वाचताना बीसीजीचा इतिहास धरत नाहीत. टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशातून पाच वर्षांच्या आत आलेल्या माणसाला मर्यादा 10 मिलिमीटर, म्हणून ही पॉझिटिव्ह. एचआयव्ही असेल किंवा टीबीच्या पेशंटशी नुकताच संपर्क आला असेल तर 5, आणि कुठलाच धोका नसेल तर 15. मोजायचा तो कडकपणा, लाली नव्हे, हीही एक नेहमीची फसगत. मग चार औषधं सुरू करायची का? नाही. आधी लक्षणं विचारायची, छातीचा एक्स-रे काढायचा, सक्रिय टीबी नाही याची खात्री करायची आणि मग सुप्त टीबीच्या उपचाराकडे जायचं, उदाहरणार्थ चार महिने रिफाम्पिन. बघ, एका प्रश्नात तीन सापळे आहेत, आणि तिन्ही ठिकाणी माहिती असूनही चुकता येतं.

म्हणून वाचायची पद्धत बदल. आधी शेवटची ओळ वाच: नक्की काय विचारलंय? हिस्टरी-तपासणी, निदान, उपचार, की उपचारानंतरचा आढावा? तपासणी विचारली असताना उपचार निवडला की तो कितीही योग्य असला तरी मार्क गेला. मग वरून वाचत ये आणि वय, गरोदर आहे का, किती दिवसांपासून, कुठली ॲलर्जी, चालू औषधं, एवढं टिप. पर्याय हाताने झाकून मनात उत्तर दे आणि मगच पर्याय बघ. थकवा, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 70, म्हणजे कमी, एवढं वाचून लोहाची गोळी देऊन मोकळी होऊ नकोस, पुढे 'फेरिटिन नॉर्मल' असं लिहिलेलं असतं, म्हणजे लोहाचा साठा ठीक आहे. मग विचार थॅलेसेमिया ट्रेटचा (आनुवंशिक रक्तदोषाचा) करायचा आणि पुढची तपासणी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस.

'म' जास्त निघाले तर ते शरीरसंस्थेप्रमाणे वेगळे कर आणि सगळ्यात मोठ्या तीन ढिगांपासून सुरू कर. नोट्सवरचं साल तपास, जुन्या बॅचच्या नोट्स हातोहात फिरतात. रक्तदाबाची 130/80 ही मर्यादा 2017 पासूनची. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी 45 पासून आणि फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी 50 ते 80 वय, 20 पॅक-इअर (सिगारेटची रोजची पाकिटं गुणिले ओढल्याची वर्षं), हे दोन्ही 2021 पासून. सरासरी धोका असलेल्या बाईची मॅमोग्राफी 40 ते 74 दर दोन वर्षांनी, ही शिफारस 2024 ची. नोट्समध्ये यातलं एक जरी वेगळं दिसलं तरी बाकीच्या पानांवर विश्वास ठेवू नकोस. औषधं पाठ करताना 'कोणाला द्यायचं नाही' तो रकाना आधी कर. गरोदरपणात रक्तदाबाला एसीई इनहिबिटर जातीची औषधं नाहीत, त्याऐवजी लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन. अशा जोड्या बोटांवर हव्यात.

'ब'साठी एकच नियम: प्रश्नातला आधी नजरेतून सुटलेला शब्द बोट ठेवून दाखवता आला तरच उत्तर बदलायचं. नुसतं 'आता हे बरं वाटतंय' म्हणून नाही.

'घ'चा हिशोब सोपा आहे. 150 प्रश्न, 180 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. तू 66 धर: पन्नासावा प्रश्न 55 मिनिटांना, शंभरावा 110 ला, शेवटचा 165 ला. खूण केलेल्या प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं उरतात, तेवढ्यात बसतील इतक्याच खुणा कर. मधे उठलीस तरी घड्याळ चालूच असतं. 150 मधले 15 प्रश्न चाचणीचे असतात, त्यांचे मार्क धरत नाहीत, आणि ते कुठले हे ओळखता येत नाही. कधी न ऐकलेलं काही आलं तर तो त्या पंधरातला असू शकतो असं समजून उत्तर दे आणि पुढे जा. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा रिकामं काहीही सोडू नकोस. एका विचित्र प्रश्नाने डोकं फिरून पुढचे दहा हातचे जातात, आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही.

बारा तासांच्या ड्यूटीच्या दिवशी अभ्यासाचं वेळापत्रक मांडू नकोस, ते मोडतं आणि उगाच अपराधी वाटतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दहा प्रश्न, बस्स. सुट्टीच्या दिवशी परीक्षेच्याच वेळेला पन्नास प्रश्न एकदम, आणि ते सोडवायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चुका बघायला. चारही पर्याय बघायचे: हा बरोबर का, आणि उरलेले तीन कुठल्या परिस्थितीत बरोबर ठरले असते. एका प्रश्नातून चार प्रश्नांचा अभ्यास होतो तो इथे. जुना प्रश्नसंच दुसऱ्यांदा सोडवून 85 टक्के आले की आनंद होतो, पण ती तुझी स्मरणशक्ती असते, तयारी नव्हे. न पाहिलेल्या पूर्ण पेपरात सलग दोनदा 75 टक्क्यांच्या वर आलीस आणि 'व' मोजके राहिले, की तारीख घे. हा माझा ठोकताळा आहे, बोर्डाचा नव्हे, पण यापेक्षा अलीकडे घाई करू नकोस असं मनापासून वाटतं. परीक्षेआधीच्या तीन रात्री नाइट नको, शेड्यूल लागण्याआधीच मॅनेजरला सांगून ठेव.

छातीत धडधडून अक्षरं पुसट होतात असं म्हणाली होतीस. त्यासाठी तुझ्या डॉक्टरांशी बोल. प्रोप्रॅनोलॉल (धडधड कमी करणारं औषध) लिहून दिलं तर पहिला डोस परीक्षेच्या दिवशी घ्यायचा नाही, घरी सराव पेपराच्या वेळी घेऊन बघायचा. लहानपणी दम्याचा पंप वापरत होतीस, ते त्यांना आठवणीने सांग. आणि नैराश्य तपासणाऱ्या पीएचक्यू-9 चे जे नऊ प्रश्न तू रोज पेशंटना विचारतेस ते आज स्वतःला विचार, खरी उत्तरं दे. बेरीज 10 किंवा जास्त आली तर अभ्यास बाजूला, आधी डॉक्टर. नवव्या, म्हणजे जीव नकोसा वाटतो का या प्रश्नाला 'अजिबात नाही' सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर त्याच क्षणी 988 ला (तिथल्या संकटकाळच्या हेल्पलाइनला) फोन कर आणि मला उठव, भारतात कितीही वाजलेले असोत.

नोकरीचं दडवू नकोस. क्लिनिकने ऑफर दिली आहे त्यांना निकाल आणि पुढची योजना दोन ओळींत ईमेलने कळव, त्यांनाही जागा किती दिवस धरायची ते ठरवायचं असतं. तुझ्या राज्याने तात्पुरतं परमिट दिलेलं असेल तर नापास झाल्यावर ते चालू राहतं का हे राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडूनच विचारून घे, राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. तोवर आरएन म्हणूनच काम आणि आरएन म्हणूनच सही. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं तर "अजून चालू आहे" एवढं उत्तर पुरे, कोणाला आकडे सांगायची गरज नाही.

पहिला 150 चा पेपर सोडवलास की मला फक्त चार आकडे पाठव: म किती, व किती, ब किती, घ किती. 15 तासांचे कोर्स त्यानंतरच निवडू. शनिवारी तुझ्या सकाळी मी मोकळी आहे, निकालपत्र आणि वही दोन्ही घेऊन बस.

तुझी,
आई