तिरेसियसने तर तोंडावर सांगितलं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ग्रीक शोकांतिकांवर लेख आला, वाचून खूप बरं वाटलं, पण थीब्जचा राजा ईडिपस याच्याबद्दल जे लिहिलंय की बिचाऱ्याच्या नशिबातच होतं, माणूस तरी काय करणार, ते अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय.

बापाचा खून आणि आईशी लग्न, हे भविष्य त्याला चुकवता आलं नाही, मान्य. पण सोफोक्लीसचं नाटक सुरू होतं तेव्हा या दोन्ही गोष्टी घडून वर्षं झालीयेत. थीब्जमध्ये साथ आलीये, माणसं मरतायत आणि आधीच्या राजाच्या (म्हणजे ईडिपसच्याच बापाच्या) खुन्याला घालवल्याशिवाय सुटका नाही असा डेल्फीच्या देवळातून देववाणीचा निरोप आलाय. (इ.स.पू. 430 मध्ये अथेन्समध्ये खरीच साथ आली होती आणि नाटक साधारण त्याच सुमाराचं मानतात, तेव्हा बघणाऱ्यांचं काय झालं असेल!) म्हणजे स्टेजवर उरतं ते फक्त शोधणं आणि कळणं. आणि उत्तर तर सुरुवातीलाच मिळतं. आंधळा भविष्यवेत्ता तिरेसियस आधी बोलायलाच तयार नसतो, मला घरी जाऊ दे म्हणतो, पण ईडिपस त्याच्यावरच कटाचा आरोप करतो तेव्हा तो चिडून सांगून टाकतो की तू शोधतोयस तो खुनी तूच. यावर राजा काय म्हणतो, तर तू कानांनी, बुद्धीने, डोळ्यांनी सगळ्यानेच आंधळा, शहराला छळणाऱ्या स्फिंक्स राक्षसिणीने कोडं घातलं तेव्हा तुझी विद्या कुठे होती, ते मी सोडवलं, माझ्या डोक्याने. माझ्या मते सगळं इथेच आहे. एकदा कोडं सुटलं, शहर वाचलं, गादी मिळाली, मग आपल्याला न कळलेलं काही असू शकतं हे त्याच्या मनातच येत नाही, त्यापेक्षा मेव्हणा क्रेऑनने याला फितवलंय हे लगेच पटतं.

आणि सोफोक्लीसच्याच 'अँटिगनी' नाटकात हाच क्रेऑन राजा असतो, बंदी मोडून भावाचं प्रेत पुरणाऱ्या अँटिगनीला गुहेत कोंडतो, तेव्हा तोही याच तिरेसियसला म्हणतो, तुम्ही भविष्य सांगणारे सगळे पैशाचे लोभी! स्वतःचा मुलगा हेमॉन सांगतोय की सगळं गाव त्या मुलीच्या बाजूने आहे, तर हा म्हणतो राज्य कसं करायचं ते गाव मला शिकवणार का. शेवटी घाबरून ऐकतो, पण तेही कसं? आधी मुलीला गुहेतून काढ, मग प्रेताचं बघ असं कोरस (नाटकातला गावकऱ्यांचा समूह) सांगतो आणि हा आधी प्रेताकडे जातो. गुहेपाशी पोचेपर्यंत तिने गळफास घेतलेला असतो, मग मुलगा जातो, बायको जाते. तो क्रम वाचताना दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो.

ईडिपसला मात्र मी नुसता गर्विष्ठ म्हणणार नाही. त्याची बायको (आणि आईच) योकास्टा विनवते थांब, सगळं खरं माहीत असलेला म्हातारा धनगर गयावया करतो, तरी तो थांबत नाही, स्वतःच्या विरुद्धचा पुरावा स्वतःच खणून काढतो आणि मग डोळे फोडून घेतो तेही स्वतःच्याच हाताने. ज्या हट्टामुळे त्याला तिरेसियसचं ऐकू आलं नाही त्याच हट्टाने तो खऱ्यापर्यंत पोचतो, याला नशीब म्हणून एका ओळीत कसं मिटवायचं?

पु.लं.नी हे नाटक 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलंय. पुरवणीत जागा निघाली तर ईडिपस आणि तिरेसियसच्या भांडणाच्या प्रवेशावर कुणाकडून तरी नीट लिहून घ्या, एवढी कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा