सड्यावरचा जांभळा आणि हॉटेलवाल्याचा निळा

मा. संपादक, स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. मी राजापूर तालुक्यातला. पावसाळ्यात गणपतीच्या शाळेत रंगकाम, डोळ्यांची आखणी वगैरे करतो आणि बाकीचं वर्ष वॉटरकलर. आमच्याकडे याला धंदा कोणी म्हणत नाही, "काय रे, अजून चित्रंच काढतोस?" असं विचारतात.

मागच्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने खोल्यांसाठी बारा चित्रं सांगितली. मी जुलैतला समुद्र काढून नेला. आता जुलैत आमचा समुद्र कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे, नद्यांनी वरनं तांबडी माती आणून ओतलेली, खाडीच्या तोंडाशी तर पार चहासारखा आणि पुढे करडा, निळा औषधाला पण नाही. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, हा घाण दिसतोय हो, जरा ब्राइट करा, दोन माड टाका, सूर्य बुडताना दाखवा. टाकले माड. पैसे पण घेतले, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे डीन होते प्र. अ. धोंड, त्यांची जलरंगातली समुद्रचित्रं छापील स्वरूपात बघून बघून मी पाणी सोडायला शिकलो, त्यामुळे समुद्रावर माझा राग नाहीये. माझं म्हणणं एवढंच की कोकण म्हटलं की सगळे तोंड समुद्राकडे करून बसतात आणि पाठीमागे सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं माळरान, आहे तिकडे कोणी बघतच नाही. सातबाऱ्यावर त्याला पोटखराब (लागवडीला निकामी) लिहिलेलं असतं, म्हणजे कागदावरच निकाल लागला! मला विचाराल तर रंगाच्या बाबतीत अख्ख्या किनाऱ्यात त्याच्याएवढी श्रीमंत जागा नाही.

मे महिन्यात जा, सगळं वाळलेलं पिवळं गवत आणि मधूनमधून उघडा जांभा, म्हणजे आमचा तांबडा दगड, चटका असा की चपलेतून लागतो. हाच जांभा खाणीत नुसता कापलेला असतो तेव्हा मऊ असतो आणि वारा लागून लागून कडक होतो, रंग पण बदलतो, पिवळट तांबडा, विटकरी, मग पावसात शेवाळ धरून पार काळा. आपण दुकानातनं येलो ऑकर, बर्न्ट सिएना विकत आणतो ना, ते खऱ्या मातीचे असतील तर त्यांच्यात पण लोखंडाचा गंजच असतो आणि आमच्या पायाखालच्या चिऱ्यात (जांभ्याच्या कापलेल्या दगडात) पण तोच. मी एकदा चिऱ्याची भुकटी वस्त्रगाळ करून डिंकात घोटून लावली, थोडी खरबरीत आली पण रंग असा बसला की ट्यूबवाला बाजूला फिका वाटायला लागला.

आणि ऑगस्टमध्ये तर काय सांगू. कातळावर बोटभर पाणी साचतं आणि त्यात सीतेची आसवं उगवतात, जांभळी, नखाएवढी, दिसायला इतकी नाजूक पण मुळाशी बारीक फुगे असतात त्यात किडे पकडून खातात. बाजूला पांढरे गेंद, कडेला तेरडा, थोडं पुढे ते पिवळं कवल्याचं फूल ज्याला आता सगळे मिकी माऊस म्हणतात. तो जांभळा मला चार वर्षं जमला नाही. अल्ट्रामरीनमध्ये क्रिमसन टाकून बघितलं, वेगवेगळे कागद झाले, छत्री धरून बसलो, कागद वाळेना म्हणून बाइकच्या गरम इंजिनजवळ धरला तर एक कोपरा जळला. मग एका सकाळी लक्षात आलं की चूक जांभळ्यात नव्हतीच. मी बाजूचा कातळ कमी काळा काढत होतो. ओला कातळ खरोखर काळा केला आणि गेंदांच्या जागी कागद कोरा सोडला तर साधा जांभळा पण पेटला. हे फोटोवरून कधीच कळलं नसतं कारण मोबाइल तो काळा आपल्या मनाने उजळ करून देतो.

बरं, सड्यावर बसून चित्र काढणारा मी काही पहिला नाही. आमच्या कशेळीच्या सड्यावर कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी एवढा मोठा हत्ती कोरलाय की बाजूला उभं राहून तो पूर्ण दिसत पण नाही, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. कोकणातली अशी कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांच्याकडे कागद नव्हता, पण सडा पोटखराब आहे हे पण कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीला शेजारची पोरं माझ्याकडे येतात. निसर्गचित्र काढा म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी. अरे, तुमच्या खिडकीतनं दिसणारा डोंगर वरनं सुरीने कापल्यासारखा सपाट आहे, तो त्रिकोण आणला कुठून? तर म्हणे यूट्यूबवर तसाच आहे.

म्हणून तालुक्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकांना विनंती, गणपतीच्या आधी एक दिवस पोरांना सड्यावर न्या. फुलं तुडवायची नाहीत, उपटायची नाहीत, कातळशिल्पावर चपला घालून चढायचं नाही आणि मोबाइल दप्तरात. आणि तुम्हाला विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत अर्धं पान त्या चित्रांना द्या. फक्त छापताना रंग ब्राइट करू नका.

आपला,
एक चित्रकार, राजापूर तालुका