कृषिमंत्र्यांना खुले पत्र : आधी कॉलेजातला बॉयलर पेटू द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,

महोदय, सप्रेम नमस्कार.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे आपण प्रतिकुलपती आहात, म्हणून हे पत्र आपल्याला. आम्ही अन्न तंत्रज्ञान शिकवणारे आणि कारखान्यांत प्रॉडक्शन-क्वालिटी सांभाळणारे लोक आहोत. परभणीचे अन्न तंत्रज्ञान महाविद्यालय १९७६ पासूनचे. त्यानंतर राज्यात घटक (म्हणजे विद्यापीठाची स्वतःची) आणि विनाअनुदानित अशी बरीच महाविद्यालये उघडली. जागा कमी आहेत अशी आमची तक्रार नाही. विचारायचे आहे ते एवढेच, की बी.टेक.च्या चार वर्षांत विद्यार्थी प्रत्यक्ष वाफेवर किती तास काम करतो?

पाकीटबंद वरणाचे उदाहरण घ्या. वरणाचा पीएच (आंबटपणाचे माप, जितका कमी तितके आंबट) ४.६ च्या वर असतो, पाणी भरपूर आणि पाकिटात हवा नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणे विष तयार करणाऱ्या जिवाणूला हेच हवे असते. त्याचे बीजाणू (उष्णतेला सहज दाद न देणारे सुप्त रूप) मारायचे तर पाकिटाच्या सर्वांत थंड भागाला १२१.१ अंश सेल्सिअसवर सुमारे ३ मिनिटे मिळावी लागतात. तापमान १० अंशांनी घसरले की त्याच कामाला ३० मिनिटे लागतात. हे गणित तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी फळ्यावर सहज सोडवतो. पण रिटॉर्टमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली पाकिटे शिजवायच्या बंद भांड्यात, वाफ सोडताना आतली हवा व्हेंटमधून (हवा सोडायच्या झडपेतून) पूर्ण काढली नाही, निम्मी आतच राहिली, तर दाबाच्या गेजवर १२१ अंशांना हवा तो १५ पीएसआय दिसतो आणि आत तापमान असते जेमतेम ११२. गेज बघून वेळ मोजणाऱ्याच्या हातून अख्खी बॅच कच्ची जाते, आणि पाकिटे बाहेरून अगदी व्यवस्थित दिसतात.

थंड करतानाच्या चुका वेगळ्याच. वाफ बंद करून पाणी सोडले की रिटॉर्टमधला दाब एकदम पडतो, पाकिटातला तसाच राहतो आणि सील उकलते. म्हणून तेवढा वेळ कॉम्प्रेसरने हवेचा दाब धरून ठेवायचा असतो. डब्यांचे दुखणे निराळे. डबा निवताना आत निर्वात होते. त्या वेळी थंड करायच्या पाण्यात क्लोरीन नसेल, तर सीमच्या (डबा आणि झाकण यांच्या जोडाच्या) केसाएवढ्या फटीतून तेच घाण पाणी आत ओढले जाते. काही आठवड्यांनी डबे फुगतात आणि खापर फुटते ते शिजवणाऱ्यावर.

हे शिकवायला महागडे यंत्र लागत नाही. लहान रिटॉर्ट, सहा थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) आणि तापमान नोंदवणारे एक उपकरण पुरते. सहा पाकिटांच्या मधोमध थर्मोकपल बसवायचे, दर मिनिटाची नोंद घ्यायची आणि प्रत्येक मिनिटाचा मारकपणा (त्या तापमानाला जिवाणू किती मरतात तो हिशेब) बेरजेत धरायचा. मग मुद्दाम व्हेंट लवकर बंद करून दुसरी बॅच लावायची, अर्थात फेकून देण्यासाठी. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की महिनाभराच्या व्याख्यानांचे काम एका दुपारी होते.

हे होत का नाही? बॉयलर चालवायला कायद्याने प्रमाणपत्रधारक अटेंडंट लागतो आणि बऱ्याच महाविद्यालयांत ते पदच मंजूर नाही. मग बॉयलर असतो, त्याला रंगही दिलेला असतो, तो पेटतो मात्र तपासणी समिती येते तेव्हा. इंधनाचा खर्च प्रात्यक्षिकाच्या तुटपुंज्या तरतुदीतून भागत नाही. तयार झालेला माल विकावा, तर पायलट प्लांटला अन्न सुरक्षा कायद्याखालचा परवाना काढलेला नसतो. परवाना असला, तरी विक्रीचे पैसे विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जातात आणि पुढच्या बॅचच्या कच्च्या मालासाठी पुन्हा टिपणी फिरवावी लागते. इथे फिरता निधी हवा. पाच-दहा लाखांपासून सुरुवात झाली तरी चालेल, पण विक्रीची रक्कम त्याच प्लांटला परत मिळाली पाहिजे.

दुसरी अडचण वेळापत्रकाची, आणि ती सोडवायला एक पैसाही लागत नाही. कोकणात कॅनिंगचा आंबा एप्रिलअखेरीपासून पावसापर्यंत येतो. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे परीक्षा आणि उन्हाळी सुट्टी. आंबा धुणे, पिकवणे, बाठा वेगळा करणे, पल्पर आणि फिनिशर या गर काढून गाळणाऱ्या यंत्रांमधून काढणे, पीएच चढा असेल तर सायट्रिक ॲसिड घालणे, ८५ ते ९० अंशांवर गरमच डब्यात भरणे, सीमिंग, उकळते पाणी, थंड करणे, ही सगळी साखळी विद्यार्थी पुस्तकात वाचतो. सीम कापून बॉडी हूक, कव्हर हूक (डब्याची आणि झाकणाची दुमडलेली कड) आणि ओव्हरलॅप (त्या कडा एकमेकींवर किती चढल्या ते) मायक्रोमीटरने मोजायचे काम पाळीत ठरलेल्या वेळी करावेच लागते. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते हातात पडते, तेव्हा अनेकांनी कापलेला सीम पाहिलेलाच नसतो. बेदाण्याचेही तेच. तासगावच्या शेडवर फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षे लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून वाळत घालतात. त्या दिवसांत मुले वर्गात बसून ड्रायिंग कर्व्ह (वाळण्याचा आलेख) काढत असतात. तिसऱ्या वर्षाचे सत्र सहा आठवडे मागेपुढे केले, तर निदान एक हंगाम त्यांच्या हाताखालून जाईल.

पालक विचारतात, या शिक्षणाने पुढे काय? (काहींना अजूनही वाटते की पोरगा शेफ होणार.) परवान्याच्या अटींतच आहे की उत्पादनावर देखरेख करायला निदान एक तांत्रिक व्यक्ती हवी आणि तिच्याकडे रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांची विज्ञान पदवी किंवा अन्न तंत्रज्ञानाची पदवी वा पदविका हवी. म्हणजे कायद्यानेच नोकरीची जागा ठेवली आहे. पण लहान कारखान्यांत ही व्यक्ती बहुधा कागदावरच असते. कोणाचे तरी प्रमाणपत्र फाइलला जोडलेले असते. याखेरीज पाळीतले प्रॉडक्शन, क्वालिटी, नवे पदार्थ, लेबल आणि नियम, पॅकेजिंग, हॅसेपचे (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायच्या पद्धतीचे) ऑडिट, मसाले-फ्लेवर पुरवणाऱ्या कंपन्यांची तांत्रिक विक्री ही सगळी कामे आहेत. लोकसेवा आयोगामार्फत अन्न सुरक्षा अधिकारी होता येते. अन्न विश्लेषक व्हायचे, तर परीक्षेखेरीज अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो मान्य प्रयोगशाळेतच मिळतो. प्रत्येक विभागात विद्यापीठाची एक एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा असेल, तर शेतकरी कंपन्यांना नमुना मुंबई-पुण्याला पाठवावा लागणार नाही आणि हा अनुभवही इथेच मिळेल.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना राज्यात आपल्याच खात्यातून चालते. ३५ टक्के, कमाल १० लाखांचे अनुदान यंत्राला मिळते, पण ते यंत्र चालवणाऱ्या बचत गटाला 'बेस्ट बिफोर' कसे ठरवायचे ते कोणी सांगत नाही. शेजारच्या पाकिटावरचे सहा महिने उतरवून घेतले जातात. तळलेल्या चिवड्यात पहिल्यांदा खवटपणा येतो. तेल वारंवार तापवलेले असेल तर आणखी लवकर. कायद्याने तेलातली एकूण ध्रुवीय संयुगे (तेल तापवून तापवून खराब झाल्याने वाढणारी) २५ टक्क्यांवर जाता कामा नयेत. शेंगदाण्याच्या चटणीत धोका अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा, आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. सुरकुतलेले, काळपट दाणे आधी निवडूनच टाकावे लागतात. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला एक गट नेमून दिला, तर तो चिवड्याची काही पाकिटे खोलीच्या तापमानाला आणि काही ३८ अंश, ९० टक्के आर्द्रतेत (माल लवकर खराब व्हावा म्हणून) ठेवून दर आठवड्याला ओलावा, पेरॉक्साइड मूल्य (तेल खवट होत चालल्याचे माप) आणि चव नोंदवू शकतो. सत्र संपताना गटाच्या हाती स्वतःच्या मालाची तारीख असेल. अहवाल टाइप करून बांधून घेण्यापेक्षा हा प्रकल्प केव्हाही बरा.

आमची विनंती आहे की बॉयलर अटेंडंट आणि फिटर ही दोन पदे प्रत्येक घटक महाविद्यालयाच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) घालावीत, तोवर ती कंत्राटी भरावीत. विनाअनुदानित महाविद्यालयांची मान्यता नूतनीकरणाला येईल, तेव्हा यंत्रांची यादी न मागता मागच्या वर्षीचे बॉयलरचे लॉगबुक आणि बॅचच्या नोंदी मागवाव्यात. परवाना आणि बॉयलरची तपासणी दोन्हींना वेळ लागतो. पुढच्या एप्रिलचा आंबा धरायचा असेल, तर अर्ज दिवाळीपूर्वी गेले पाहिजेत.

आपले,
अन्न तंत्रज्ञानाचे काही शिक्षक आणि या क्षेत्रात काम करणारे काही पदवीधर