माझ्याकडे ग्राहक क्रमांक नाही

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विद्यापीठ परिसरातील 'नियोजित' विद्युत चाचणी आणि त्यात बुडालेलं संशोधन

महोदय, सविनय नमस्कार.

मी राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण प्रबंध मला तिथेच सादर करायचा आहे. हे पत्र ऊर्जामंत्र्यांना लिहावं की आपल्याला, हे ठरवण्यात माझे दोन दिवस गेले. वीज त्यांच्या खात्याची, विद्यापीठ आपल्या. शेवटी आपल्याला लिहिते आहे, कारण जे बुडालं ते आपल्या खात्यातलं आहे.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता वसतिगृहाच्या फलकावर सूचना लागली : मान्सूनपूर्व देखभाल व विद्युत चाचणीसाठी उद्या सकाळी 9 ते दुपारी 1 वीजपुरवठा बंद राहील, सहकार्य करावे. शनिवार, रविवार आणि सोमवारी बुद्धपौर्णिमा, अशा तीन सलग सुट्या बघून काढलेलं काम. सूचना मिळाली पंधरा तास आधी. तरी मी सहकार्य केलं. आमच्या इमारतीत तीन विभागांना मिळून उणे 80 अंशांचा एकच फ्रीझर आहे. दार उघडलं नाही तर तो चार तास निभावून नेतो. मी दारावर चिकटपट्टी लावली, 'उघडू नका' असा कागद डकवला आणि दिवसभर बाहेर बसून राहिले. वीज एकला आली नाही, सव्वातीनला आली. तोवर आकडा उणे 58 वर आला होता. संध्याकाळी सातला तो पुन्हा उणे 70 पर्यंत उतरलेला पाहिला, तेव्हा मी वसतिगृहावर गेले. विद्युत शाखेच्या माणसाने सांगितलं होतं, "झालं मॅडम, संपलं काम."

काम संपलं नव्हतं. रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी पुन्हा वीज बंद केली. जनरेटरचा चेंजओव्हर, म्हणजे वीज गेली की पुरवठा जनरेटरवर वळवणारा स्विच, तपासायचा राहिला होता म्हणे. त्याची सूचना कुणालाही नव्हती. 12 वाजून 25 मिनिटांनी वीज आली, पण आमच्या बाजूचा एक फेज, म्हणजे तीन वीजतारांपैकी एक, आलाच नाही. हे मला वॉचमनच्या नोंदवहीतून कळलं, कारण बाकी कुणी काही लिहूनच ठेवलं नव्हतं. चाचणी करणारे दिवे लागलेले बघून निघून गेले. कोणता मजला अंधारात आहे, हे फिरून बघण्याची जबाबदारी कुणाची नव्हती. रविवारी मी इमारतीशी गेले तर कुलूप. सुट्यांत आत जायला कुलसचिव कार्यालयाची परवानगी लागते आणि कार्यालय सुटीवर. वॉचमनने नंतर सांगितलं, रविवारी पहाटेपर्यंत आत कसला तरी भोंगा वाजत होता, पण प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडे नसते. तो कंत्राटी कामगार आहे. त्याला दोष देऊन स्वतःची सुटका करून घेऊ नये, अशी माझी आधीच विनंती आहे.

मंगळवारी सकाळी साडेनऊला दार उघडलं. उणे 80 च्या जागी अधिक 19. फरशीवर पाणी. 432 नळ्या.

त्या नळ्यांत काय होतं, ते सांगते, कारण 'सॅम्पल खराब झाले' या तीन शब्दांत माझा अर्ज दाखल झाला आहे. माझं काम रब्बी ज्वारीवर आहे. पाण्याचा ताण पडल्यावर पानाच्या आत काय बदलतं, हे मी पाहते. मोहोळच्या संशोधन केंद्रावरून आलेली मालदांडी 35-1 आणि आणखी दोन वाण, सांगोला तालुक्यातली चार शेतं, पोटरी, फुलोरा आणि हुरडा अशा तीन अवस्था, दरवेळी सहा ताटं, दोन हंगाम. गुणाकार केला की 432 होतात. पान तोडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांत टाकावं लागतं, नाहीतर आतलं आरएनए, म्हणजे त्या क्षणी कोणती जनुकं काम करत होती हे सांगणारा रेणू, मिनिटांत तुटू लागतं. आमच्याकडे शेतात नेण्याजोगं भांडं नव्हतं. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या डब्यात ठेवतात, तसला जुना डबा तिथल्या काकांनी मला दिला. दर पंधरवड्याला ते मोटारसायकलवरून नायट्रोजन भरून आणत. गुडघाभर भेगाळलेल्या रानात, भर दुपारी, त्या डब्यात एकही पान कधी वितळलं नाही. ती वितळली विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत.

आणि पहिला हंगाम कोणता होता? 2023 चा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आपल्याच सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात सांगोला होता. चार शेतांपैकी एक माझ्या वडिलांचं आहे. त्या वर्षी आमच्या घरी वर्षभर खायला पुरेल एवढीही ज्वारी झाली नाही, पण मी अण्णांना सांगितलं होतं की निदान या दुष्काळाची नोंद वाया जाणार नाही. मंगळवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी तो घेतला नाही. चार दिवस घेतला नाही.

पुन्हा कर, असं मला सहज सांगितलं जातं. पुढची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे फुलोऱ्याला डिसेंबर-जानेवारी येईल. तेवढंही मी करीन. पण 2023 चा दुष्काळ कुठून आणू?

आता नियमांकडे येते. चाचणीला माझा विरोध नाही. रोहित्राचं तेल तपासायलाच हवं, अर्थिंग मोजायलाच हवं, बिघाड होताच वीज तोडणारा रिले वेळेवर उडतो की नाही हे पावसाआधीच कळायला हवं. जूनमध्ये ओल्या भिंतीला हात लागून माणूस मरतो, त्यापेक्षा मेमध्ये चार तास उकाडा बरा. पण चाचणी कशासाठी? वीज सुरक्षित राहावी आणि चालू राहावी म्हणून ना? मग चाचणीनंतर वीज सगळीकडे परत आली का, हे बघणं चाचणीत येत नाही का? जनरेटर विकत घेतला आहे, दरवर्षी त्याची चाचणी होते, आणि तो जोडलेला आहे प्रशासकीय इमारतीला आणि सभागृहाला. फ्रीझरला एक स्वतंत्र तार ओढून द्या म्हणून आमच्या विभागाने दोनदा पत्र दिलं. उत्तर आलं, तरतूद नाही.

मी वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात गेले. 31 डिसेंबर 2020 ला केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले आहेत. नियोजित खंडाची माहिती ग्राहकाला आधी द्यायची, सेवा ठरल्या दर्जाची नसेल तर भरपाई द्यायची, हे त्यात आहे. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 57 मध्येही भरपाई आहे. मी हे सगळं छापून नेलं होतं. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "तुमचा ग्राहक क्रमांक सांगा."

माझ्याकडे ग्राहक क्रमांक नाही. ग्राहक आहे विद्यापीठ. वीज उच्चदाबाने दारापर्यंत येते, मीटरच्या अलीकडे जे काही घडतं ते विद्यापीठाचं. विद्यापीठाची विद्युत शाखा म्हणते, काम कंत्राटदाराचं. कंत्राटदार म्हणतो, आम्हाला जेवढं सांगितलं तेवढं केलं. परिसरात हजारो विद्यार्थी राहतात, शिकतात, रात्री प्रयोगशाळेत थांबतात, आणि विजेच्या कायद्यात त्यांच्यापैकी एकही माणूस अस्तित्वात नाही. एका खोलीत भाड्याने राहणाऱ्याच्या घरमालकाच्या नावावर तरी बिल असतं, त्याच्याकडे तरी बोट दाखवता येतं. आम्ही कुणाकडे दाखवायचं? तुम्हीच सांगा.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत डिसेंबर 2023 मध्ये, नाताळच्या सुटीत, 16 टाक्यांचा द्रव नायट्रोजन तुटला आणि अनेक वर्षांचे नमुने गेले. म्हणजे चूक तिथेही होते. पण तिथे संस्थेने ती जगाला सांगितली, चौकशी लावली. आमच्याकडे मला तोंडी सांगण्यात आलं की लेखी तक्रार केलीस तर मार्गदर्शकांना त्रास होईल.

12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल थांबल्या, मुंबई विद्यापीठाला परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या आणि लगेच चौकश्या लागल्या. लागायलाच हव्या होत्या. मात्र सांगोल्यात मी शाळेत होते तेव्हा भारनियमनाचं वेळापत्रक वर्गाच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलेलं असायचं. 2012 च्या डिसेंबरपर्यंत राज्य भारनियमनमुक्त करू, हे वचन मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं. अण्णा अजूनही रात्रपाळीची वीज आली की दोन वाजता बॅटरी घेऊन मोटारीवर जातात. ज्याला अंधार सोसायचा आहे, त्याला वेळ ठरवताना कुणी विचारत नाही, मग ते रान असो की विद्यापीठ. तुमच्या दालनाची वीज कधी विचारल्याशिवाय बंद झाली आहे का?

माझ्या दोन वर्षं चार महिन्यांवर सरकारचेच पैसे खर्च झाले. पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर 42,000. माझ्या हिशोबाने साडेदहा लाख नुसत्या शिष्यवृत्तीचे, रसायनं वेगळी. फ्रीझरच्या स्वतंत्र तारेला आणि एका स्वयंचलित स्विचला किती लागले असते, हे तुमच्या अभियंत्यांना विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ला कमाल सहा वर्षं आहेत. वीज गेली म्हणून ते घड्याळ थांबत नाही.

म्हणून मागते आहे ते एवढंच. परिसरातली कोणतीही चाचणी किमान सात दिवस आधी, प्रत्येक प्रयोगशाळेची सही घेऊन ठरावी. वीज परत आल्यावर मजल्यामजल्यावर जाऊन बघणारा एक माणूस असावा आणि त्याच्याकडे किल्ल्या असाव्यात. फ्रीझर जनरेटरवर घ्यावेत, सभागृहाच्या आधी. आणि माझा वाया गेलेला काळ माझ्या सहा वर्षांत मोजू नये. हे शासन निर्णयाने सर्व विद्यापीठांना लागू करा. एकट्या माझ्यासाठी नको.

आणखी एक. राहिलेली चाचणी दिवाळीच्या सुटीत होणार असं कानावर आलं आहे. तेव्हा नव्या हंगामाची पेरणी झालेली असेल आणि पहिली पानं त्याच फ्रीझरमध्ये यायची असतील. तारीख, सुरू करण्याची वेळ, आणि काम संपल्यावर सही करणाऱ्या माणसाचं नाव, एवढं मला पत्राने कळवावं.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी