‘असायलम’च्या लेखाला तो फोटो कशाला?

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीत ‘असायलम’वर लेख आला, मनोरुग्णालयावरच्या १९७२ सालच्या हॉरर पिक्चरची कुणाला तरी आठवण झाली, बरं वाटलं. पण त्याच्या शेजारी बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळाच्या ओपीडीबाहेरचा फोटो लावायची आयडिया कुणाची हो? पिक्चर ब्रिटिश, लिहिणारा रॉबर्ट ब्लॉक अमेरिकन, बायकोचे तुकडे ब्राऊन पेपरात बांधून तळघरातल्या फ्रीजरमध्ये ठेवणारा नवरा तिकडचाच. यात बांबोळी कुठून आली?

माझा दादा दर महिन्याला तिथे जातो, बरोबर मी असते. फोटोत बाकावर जो पाठमोरा माणूस आहे, चौकड्याचं शर्ट, मांडीवर फाईलची प्लास्टिकची पिशवी, तो दादा नव्हे, मी चष्मा लावून दोनदा बघितलं. पण त्या माणसाच्या घरचेही असेच चष्मा लावून बघत बसले असतील ना! आणि सोमवारी सकाळी पाव आणायला गेले तर शेजारीण पेपर पुढे करून सगळ्यांसमोर विचारते, ‘‘तुमच्या दादाक हांगाच व्हरतात न्ही?’’ (दादाला इथेच नेता ना?) वर परत, तिथे बांधून ठेवतात का म्हणून. बांधून कसलं, नंबर लागेपर्यंत दादा तुमचाच पेपर वाचत बसतो, तुमचं शब्दकोडं सोडवतो, गोळ्या घेतो आणि येताना म्हापशाला भाजीपाव खाऊन आम्ही घरी. यात हॉरर काही असेल तर तो तुमच्या कोड्यातल्या चुका. ही पुरवणी मात्र मी त्याच्या हाती लागू दिली नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २४, तुमच्या ऑफिसात कुणी वाचलंय का? उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय मीडियाला देता येत नाही. पाठमोरा होता म्हणून चालतं असं कृपा करून सांगू नका, शेजारणींना पाठ पुरते. गोव्याचा टच हवाच होता तर पणजीत जुन्या सचिवालयाजवळ संमोहन करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा आहे की, बाईवर हात उगारून उभा, बघूनच अर्धे टुरिस्ट घाबरतात. कांदोळीचा माणूस, पॅरिसला जाऊन सांगत होता की संमोहनात जादू नाही, लोहचुंबक नाही, जे काय होतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात होतं. पण पुतळ्याचा फोटो काढायला पणजीत पार्किंग शोधावं लागतं, त्यापेक्षा बांबोळी सोपी पडली असणार.

लेखकाने पिक्चर पूर्ण बघितला का याचीही शंका आहे. लेखात पीटर कशिंगला डॉक्टर करून टाकलंय, पण तो डॉक्टर नाही, शिंप्याकडे विचित्र कापडाचा सूट शिवायला येणारं गिऱ्हाईक आहे तो. डॉक्टर म्हणजे पॅट्रिक मॅगी, व्हीलचेअरवरचा, आणि नोकरीसाठी आलेला रॉबर्ट पॉवेल. या पोराला मॅगी सांगतो की इथला आधीचा मुख्य डॉक्टरच आता पेशंट होऊन वर आहे, तो कोण ते ओळख, मग नोकरी. म्हणजे चार पेशंटच्या चारही गोष्टी ऐकताना आपण शोधत असतो यातला डॉक्टर कोण! पेशंट कोण आणि डॉक्टर कोण हे कळू नये हीच तर त्यातली मजा, आणि तुमच्या लेखकाला दिसले फक्त ‘वेडे’ आणि त्यांच्या ‘धमाल करामती’.

आणि शेवट? तो मी इथे लिहीत नाही, तुम्ही तिसऱ्याच परिच्छेदात लिहून टाकलाय. माझ्या भाच्याने शनिवारी बघायला म्हणून डाऊनलोड करून ठेवला होता, आता बघत नाही म्हणतो.

ई-पेपरमध्ये तो फोटो अजून आहे. हे पत्र छापा नाहीतर नका छापू, फोटो आजच्या आज काढा.

– एक वाचक, म्हापसा
(नाव छापू नये)