दादाच्या यादीवर काट मारताना

प्रिय दादा आणि वहिनी,
साष्टांग नमस्कार.

दादा, तुझी दोन पानी यादी मिळाली. फोटो तिरका काढलास, पण अक्षर अजून तेच वळणदार. वर ‘निवृत्तीनंतरची उद्दिष्टे’ असं मथळ्यात लिहून खाली दोन रेघा मारल्यास, तेव्हाच ओळखलं की साहेब अजून ऑफिसातच आहेत! पेटी शिकणे, नवी भाषा, बागकाम, घराण्याचा इतिहास, ब्रिज, रोज दहा हजार पावलं, पसारा आवरणे, वर्षाला पन्नास पुस्तकं... मत विचारलंस म्हणून सांगते, निम्म्याहून जास्त कलमांवर काट मार.

रागावू नकोस, आधी एक गोष्ट ऐक. आमच्याकडे निवृत्तीला आलेल्यांसाठी ऑफिसच एक वर्ग घेतं. तिथे आर्थर रूबिनस्टाइनविषयी ऐकलं. हा पियानोवादक १८८७ साली जन्मला आणि १९७६ पर्यंत, म्हणजे नव्वदीला टेकेपर्यंत मैफली करत होता. ऐंशीच्या घरात असताना त्याला विचारलं, या वयात जमतं कसं? त्याचं म्हणणं असं, की एक तर आता मी कमी रचना वाजवतो. दुसरं, त्या थोड्या रचनांचाच रियाज जास्त करतो. तिसरी मात्र निव्वळ चलाखी! द्रुत भाग येण्याआधी लय मुद्दाम आणखी उतरवायची, म्हणजे पुढचा भाग आहे त्याहून वेगवान वाटतो. पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोने १९९० मध्ये म्हातारपणाविषयी जी मांडणी केली, तिच्यासाठी हे उदाहरण नेहमी देतात. थोडं निवडा, निवडलेल्यावर मेहनत घ्या, आणि जे हातातून गेलं त्याची भरपाई दुसऱ्या वाटेने करा. निवृत्तीविषयी एवढं शहाणं मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

तुझ्या यादीत पहिली पायरीच नाही. सगळंच हवंय. पेटी तुला लहानपणापासून शिकायची होती, ती राहू दे. नवी भाषा केवळ शेजारचे शिकताहेत म्हणून आलेली दिसते, ती जाऊ दे. पन्नास पुस्तकं तर अजिबात नकोत. एकदा आकडा ठरला की डिसेंबरात तू पातळ पुस्तकं शोधत फिरशील, मी ओळखते तुला.

घराण्याचा इतिहास ठेव, पण लहान कर. बारा पिढ्या मागे जाऊ नकोस. आईच्या ट्रंकेतले फोटो काढ आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नावं लिही. तो एक फोटो आठवतो का, बाबांच्या शेजारी छत्री घेऊन कुणी उभं आहे? मी इतकी वर्षं त्यांना आत्याचे दीर समजत होते, वहिनी म्हणते ते बाबांचे हेडमास्तर. हे सांगू शकणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्याकडे फोटो घेऊन जा, गप्पा मार, तिथेच लिही. भेटीगाठींचं वेगळं कलमही मग लागणार नाही.

दहा हजार पावलांचा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवताना रूढ झाला, त्याचा धाक कशाला? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं थोडा दम लागेल असं चालणं-फिरणं पुरेसं मानते, आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस सांगते, ते मात्र कुणी यादीत लिहीत नाही. तू लिही.

गंमत म्हणजे जिथे आकडा हवा तिथे तुझ्या यादीत तो नाहीच. ‘साधं राहायचं’ असं लिहिलंस, पण म्हणजे महिन्याला किती? महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील याचा ढोबळ हिशेब म्हणजे ७२ ला ६ ने भाग. बारा वर्षांत आजचा खर्च दुप्पट. तेव्हा शेवटचा पगार यायच्या आधीच दोन-तीन महिने फक्त पेन्शनइतक्या पैशात घर चालवून बघा. औषधपाण्याची रक्कम त्यातून वेगळी ठेवा. कुठे हात आखडतो ते कागदावर कळत नाही. कदाचित कळेल की गाडीवाचून सहज निभतं, पण वर्तमानपत्र बंद केलं की घरात भांडण होतं.

उरलेल्या दोन-तीन गोष्टींपुढे ‘कधी, कुठे’ एवढंच लिही. ‘पेटी शिकणे’ नको. ‘सोमवारी आणि गुरुवारी चहा झाला की मागच्या खोलीत अर्धा तास’ असं हवं. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाचं कामच यावर आहे. वेळ-जागा आधी ठरलेली असली की नुसत्या इच्छेपेक्षा गोष्ट पुष्कळदा पार पडते. आणि मधले दिवस रिकामे राहू देत. पहिले काही महिने सुट्टीसारखे मजेत जातात आणि मग अनेकांना पोकळी जाणवते, हे रॉबर्ट अ‍ॅचली या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच लिहून ठेवलंय. तशी पोकळी आली तर घाबरून नवी यादी करायला बसू नकोस.

आता वहिनीसाठी. वहिनी, ही यादी तू वाचलीस का? मी दोनदा वाचली. त्यात ‘घरातला पसारा आवरणे’ आहे, ‘पाहुण्यांना बोलावणे’ आहे, पण त्या पाहुण्यांचं कोण करणार, हे कुठेच नाही. दादा कामावरून निवृत्त होणार, तू कशातून होणार? तो दिवसभर घरी असला की तुझं काम वाढणार, हे उघड आहे. दादा, दोन वेळची भांडी आणि बाजारहाट हे तुझ्या यादीत पहिलं कलम घाल. त्यापुढेही कधी आणि कुठे लिही!

रविवारी फोन करते. वहिनी, तोवर तुझी यादी तयार ठेव, आणि ती तूच वाचून दाखव. दादाच्या हातात फोन देऊ नकोस, तो दुरुस्त्या सुचवत बसेल.

तुमची,
धाकटी