उद्योगमंत्री महोदय, आमचं काम कासाब्लांकाला गेलं

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

महाराष्ट्र एरोस्पेसचं मोठं केंद्र होणार, ही घोषणा वर्तमानपत्रात पुन्हा वाचली. त्याच आठवड्यात पुण्यातल्या आमच्या टीमचं काम मोरोक्कोला गेलं. म्हणून हे पत्र खासगीत न लिहिता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मी स्ट्रेस इंजिनिअर आहे. विमानाच्या सांगाड्यातल्या फ्रेम, स्ट्रिंगर, ब्रॅकेट किती भार सोसतील, कुठे तडा जाईल, हे तपासण्यात माझी आजवरची सगळी नोकरी खर्ची पडली. फ्रान्समधल्या कारखान्यात एखादं छिद्र चुकीच्या जागी पडलं की तो भाग चालेल की फेकायचा, याचं उत्तर आम्ही द्यायचो. तिकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसात झालेले असतात. तरी आम्ही थांबायचो, मुलांचे वाढदिवस सोडून थांबायचो. मोरोक्कोतल्या कासाब्लांकाचं आणि फ्रान्सचं घड्याळ फार तर तासाभराने वेगळं. भाषा फ्रेंच. विमानाने काही तासांत माणूस समोर हजर. ग्राहकाने हिशोब केला आणि काम जवळ नेलं. अनुभवी माणसांचा तुटवडा आहे, नवीन टीम घराजवळच घडवायची आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं. आणि ती टीम घडवायला आम्हालाच बसवलं. केटी, म्हणजे ‘नॉलेज ट्रान्सफर’च्या नावाखाली आमच्या वह्या, आमच्या एक्सेल शीट, आमच्या चुकांतून आलेलं शहाणपण सगळं काढून घेतलं. मग बेंच, म्हणजे काम न देता नुसतं बसवून ठेवणं. मग राजीनामा मागणारा ईमेल.

घराचा हप्ता आहे. वडिलांची औषधं आहेत. चाळिशी उलटलेल्या माणसाला मुलाखतीत विचारतात, ऑटोमोबाइलमध्ये येणार का, निम्म्या पगारावर? फटीग आणि डॅमेज टॉलरन्स, म्हणजे वारंवारच्या भाराने धातू कसा थकतो आणि तडा गेल्यावरही भाग किती टिकतो, हे शिकायला उमेदीची वर्षं दिली, ती काय गाडीचे दरवाजे डिझाइन करायला? रात्री झोप लागत नाही, साहेब. राग मोरोक्कोच्या मुलांवर नाही. ती हुशार आहेत, मी त्यांना शिकवलंय.

राग यावर आहे की त्यांच्या सरकारने जे केलं ते आपण केलं नाही. कासाब्लांकात 2011 मध्ये विमानउद्योगाच्या कौशल्यांची खास संस्था उभी राहिली, उद्योगाच्याच संघटनेच्या हाती. कंपनीला जोडारी हवा तर जोडारी, कंपोझिटचं (कार्बन फायबरसारख्या धाग्यांच्या हलक्या भागांचं) काम करणारा हवा तर तो. मेक्सिकोत क्वेरेतारोला बॉम्बार्डिए ही कॅनडाची विमान कंपनी 2006 मध्ये आली आणि 2007 मध्ये तिथे विमानशास्त्राचं सरकारी विद्यापीठ उभं राहिलं. अमेरिका आणि कॅनडाचं काम तिकडे वळलं ते नुसत्या स्वस्त मजुरीने नाही.

आपण काय केलं? 2018 मध्ये एरोस्पेस आणि संरक्षण उत्पादनाचं धोरण आणलं. हवाई दलाच्या सी-295 मालवाहू विमानांचा 21,935 कोटींचा प्रकल्प नागपूरच्या मिहानला येणार, असं सप्टेंबर 2022 मध्ये राज्याचे मंत्रीच सांगत होते. ऑक्टोबर संपायच्या आत पंतप्रधानांनी वडोदऱ्यात पायाभरणी केली. तिथे 40 विमानं बनायची आहेत. नागपूरच्या पोरांनी फक्त बातम्या वाचल्या. मग विधानसभेत प्रकल्प कोणाच्या काळात गेला यावर भांडण! कोणाच्याही काळात जावो, गेला ना?

आणि तरी आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना आहे. 1964 पासून आहे. मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंत विमानं तिथे जोडली गेली. 17 ऑक्टोबर 2025 ला तिथलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. साठ वर्षांचा हा हातखंडा असताना नाशिकच्या किती आयटीआयमध्ये रिव्हेटिंग (पत्रे रिव्हेटने जोडणं) खऱ्या विमानाच्या पत्र्यावर शिकवतात? एरोनॉटिकलची पदवी घेतलेली मुलं माझ्याकडे यायची, त्यांतल्या अनेकांनी खरी फ्रेम हातात धरलेली नसायची. कॉलेजला मान्यता, लाखांत फी, प्रयोगशाळेला कुलूप. चार वर्षं पालक पैसे भरतात आणि मग उद्योग म्हणतो, माणसं मिळत नाहीत. एअरबसकडे आठ हजारांवर विमानांच्या ऑर्डर पडून आहेत, जगभर इंजिनिअर शोधताहेत, आणि आपली पोरं पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घेऊन बसली आहेत. तिथेही भरती रखडते, पेपर फुटतो. या राज्यात शिकलेल्या माणसाची किंमत उरली आहे का? दावोसला सामंजस्य करार होतात, कोटींचे आकडे मोठ्या अक्षरांत छापून येतात. त्यांतून एरोस्पेसमध्ये प्रत्यक्ष किती माणसं कामाला लागली, हे गावोगाव का सांगत नाही?

मागणं थोडंच आहे. ओझरच्या शेजारी, एचएएल आणि पुण्यातल्या कंपन्यांना सोबत घेऊन, एक प्रशिक्षण संस्था काढा. निकामी झालेली विमानं तिथे आणा, मुलांना त्यांवर हात चालवू द्या. सोबत फ्रेंच आणि जर्मन शिकवा. आमच्यासारख्या बेंचवर बसवलेल्यांना तिथे शिकवायला घ्या. मी स्वतः यायला तयार आहे. 2018 च्या धोरणातून किती नोकऱ्या आल्या, त्याची जिल्हावार यादी जाहीर करा. पुढच्या सामंजस्य करारात जमीन आणि वीजसवलत लिहाल तेव्हा किती माणसं, कोणत्या कामासाठी, कोण तयार करणार हेही लिहा.

‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ एवढंच उत्तर कृपया पाठवू नका. तसली पत्रं घरात आहेत. मला यादी हवी आहे आणि संस्थेची तारीख हवी आहे.

आपला,
एक स्ट्रेस इंजिनिअर, पुणे